विम्याचं कार्ड आहे, मग आरोग्य केंद्र कशाला?

गेली काही वर्षं एक मजकूर व्हॉट्सअॅपवर सारखा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: "प्राथमिक आरोग्य केंद्रं म्हणजे ओस पडलेल्या इमारती. डॉक्टर नाही, औषध नाही, माणूस फिरकत नाही. आता प्रत्येकाकडे पाच लाखांचं कार्ड आहे. केंद्रं बंद करा आणि तोच पैसा विम्यात घाला. किरकोळ दुखण्याला गावातला खासगी डॉक्टर आहेच, आणि मोबाइलवर तर तज्ज्ञही मिळतो." शिकलेली, भली माणसं हे पुढे पाठवतात. सरकारी दवाखान्यात हेलपाटे घालून वैतागलेलीही पाठवतात. त्यांचा वैताग खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो कुणी अमलात आणला तर त्यात गरिबांचे जीव जातील. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू.

आधी कार्डाचं बघू, कारण सगळी भिस्त त्यावर आहे. २३ सप्टेंबर २०१८ला सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना घ्या किंवा आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, दोन्ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांचे पैसे देतात. ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. ताप, जुलाब, खोकला, गरोदरपणातली नेहमीची तपासणी, बीपीची रोजची गोळी, यांतल्या कशालाच ते कार्ड चालत नाही. आणि माणसाचं बहुतेक आजारपण असंच असतं, दाखल न होता काढलेलं.

समजा, पन्नाशीतल्या एका शेतमजूर बाईला मधुमेह आहे. तिला दर महिन्याला साखर तपासून हवी, मेटफॉर्मिनच्या गोळ्या हव्यात, आणि अनवाणी रानात जाणाऱ्या तिच्या पायाला कुठं जखम झाली आहे का, हे अधूनमधून कुणीतरी वाकून बघायला हवं. हे उपकेंद्रात होऊ शकतं. याला पैसाही फारसा लागत नाही. पण कार्ड इथं उपयोगाचं नाही. गोळ्या सुटल्या तरी ते गप्प, जखम चिघळली तरी गप्प. बोट काळं पडलं, पाय कापायची वेळ आली, की मग ते कार्ड बाहेर काढायचं! किडन्या गेल्या तर डायलिसिसला चालेल. त्या वेळी ते असायलाच हवं, यात वाद नाही. अशा कार्डांमुळे माणसं वाचली आहेत. पण पाय वाचवायची संधी आधी काही वर्षं रोज येत होती आणि तेव्हा तिच्या हाताशी काही नव्हतं, हे या मजकुरात कुठंच येत नाही.

हृदयविकाराचंही तेच. अँजिओप्लास्टी कार्डावर होते. त्यानंतरची औषधं प्रधानमंत्री योजनेत घरी सोडल्यापासून १५ दिवसांपर्यंत धरलेली आहेत. गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. सोळाव्या दिवसापासून त्या माणसाने कुठं जायचं?

यात आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ज्या 'आयुष्मान भारत' कार्यक्रमातली आहे, त्याचे मुळातच दोन भाग होते. विमा नंतर आला. त्याच्या पाच महिने आधी, १४ एप्रिल २०१८ला, छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यात जांगला इथं प्राथमिक सेवा देणारं पहिलं आरोग्यवर्धिनी केंद्र सुरू झालं होतं, आणि देशभर अशी दीड लाख केंद्रं करायचं ठरलं होतं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर स्पष्ट लिहिलं आहे की आरोग्यावरच्या सरकारी खर्चातला दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा. म्हणजे विमा आणणाऱ्यांनीसुद्धा "केंद्रं बंद करा" असं म्हटलेलं नाही. एक भाग दाखवून दुसरा मोडीत काढायचा, हा उद्योग मजकूर लिहिणाऱ्यांचा.

सगळ्यांना आरोग्य हक्क दिलेला देश म्हणून थायलंडचं नाव नेहमी घेतात. तिथली ३० बाहत योजना २००१ची. पण त्याआधीची तीस वर्षं बघा. १९७०च्या दशकापासून नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची होती, आणि १९८०च्या दशकात काही वर्षं शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरची नवी गुंतवणूक थांबवून तो पैसा तालुक्याच्या आणि खेड्यांतल्या दवाखान्यांत घातला गेला. कार्ड हातात पडलं तेव्हा ते दाखवायला जवळ जागा होती. आपल्याकडे योजनेतली रुग्णालयं बरीचशी शहरांत आहेत. धडगाव किंवा भामरागडच्या पाड्यावरच्या माणसाला पाच लाखांपेक्षा पाच किलोमीटर महत्त्वाचे असतात.

दुसरा मुद्दा, "तिथं कुणी फिरकत नाही". हे अर्धसत्य आहे, आणि त्यातला खरा अर्धा आधी मान्य करतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास निम्म्या घरांनी सांगितलं की आजारी पडल्यावर आम्ही सहसा सरकारी दवाखान्यात जात नाही. पण त्याच पाहणीत त्यांना कारणंही विचारली होती. सेवा चांगली मिळत नाही, फार वेळ थांबावं लागतं आणि जवळपास केंद्रच नाही, ही मुख्य कारणं निघाली. शेवटचं कारण न जाणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के घरांनी दिलं. केंद्र लांब आहे म्हणून लोक जात नाहीत, आणि लोक जात नाहीत म्हणून केंद्र बंद करा, हा कुठला न्याय?

शिवाय कुणी येत नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ती पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या काळात कुणी त्या भागातल्या दवाखान्याचं रजिस्टर चाळलं असतं तर "इथल्या बायका ठणठणीत आहेत" असाच निष्कर्ष काढला असता. ओपीडीतला आकडा कमी म्हणून आजारही कमी, असं मानणाऱ्यांनी ही पाहणी जरूर वाचावी.

"तिथला एमबीबीएस डॉक्टर आणि नर्स करून करून काय करणार, खरं वैद्यक मोठ्या रुग्णालयात" हाही सूर या मजकुरात असतोच. महाराष्ट्रातल्या माणसाने हे म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण याला सगळ्यात सणसणीत उत्तर आपल्याच मातीतून मिळालेलं आहे.

महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं मरत होती. नांगी लागल्यावर दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हे सगळं टिपलं आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने हा मृत्यू टाळता येतो, हे दाखवून दिलं. १९८६ साली लॅन्सेटने ते छापलं. आज भारताबाहेरही अनेक ठिकाणी ही गोळी वापरली जाते. हा शोध लागला तो रात्री-अपरात्री विंचू चावलेला माणूस आधी जिथं पोचतो तिथं, खेड्यात.

आणि डॉक्टरसुद्धा नसेल तर? डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबेत ठेवणं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९चा लॅन्सेट.

हा प्रयोग जर्नलच्या पानांत पडून राहिला नाही. आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ती यामुळेच. एकदा तिच्याबरोबर जाऊन पाहावं. आधी हात साबणाने धुते. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन घेते, काखेत थर्मामीटर धरते. मग घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर बाळाच्या पोटाकडे एकटक बघत श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते. दुसऱ्यांदाही तेवढेच आले की आजी कितीही म्हणाली "अगं, सर्दी झालीय नुसती", तरी ती ऐकत नाही. चिठ्ठी लिहून १०२ किंवा १०८ची गाडी बोलावते. सहाही भेटी पूर्ण केल्याचा तिचा केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये आहे. कुठल्या विमा कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या दारात येणार आहे? आणि केंद्र बंद झालं तर आशाताईने ते बाळ पाठवायचं कुठं?

बाहेरच्या देशांतला अभ्यासही याच बाजूने बोलतो. अमेरिकेतल्या जिल्ह्यांची २००५ ते २०१५ या काळातली आकडेवारी तपासून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाखामागे १० प्राथमिक डॉक्टर जास्त असतील तिथं सरासरी आयुर्मान ५१.५ दिवसांनी जास्त दिसलं. तेवढेच तज्ज्ञ डॉक्टर वाढले तर फरक १९.२ दिवसांचा. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. पण तज्ज्ञांनी भरलेल्या त्या श्रीमंत देशातही पारडं पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरकडे झुकतं, हे महत्त्वाचं.

आता "गावातला खासगी डॉक्टर आहेच" याकडे येऊ. तो डॉक्टर आहे का, हा पहिला प्रश्न. मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात संशोधकांनी रुग्ण बनून माणसं पाठवली, तेव्हा त्यांना तपासणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांकडे वैद्यकाची कुठलीच पदवी नव्हती. शिक्षण झालेले चांगले खासगी डॉक्टर तालुक्याला आहेत, त्यांचा आदरच आहे. पण ते दारात आलेला रुग्ण बघतात. गावात जुलाबाची साथ आली तर विहिरीत टीसीएल म्हणजे जंतुनाशक क्लोरीनची पावडर पडली का, पाण्यात क्लोरीन उतरलं का हे सांगणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं का, पाणी धोक्याचं म्हणून ग्रामपंचायतीला लाल कार्ड द्यायचं का, हे बघणं त्यांचं काम नाही. क्षयरोग्याने सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडला तर त्याच्या घरी कुणी जायचं? ही कामं फी घेऊन होत नाहीत. ती करायला वस्तीची जबाबदारी अंगावर असलेली यंत्रणा लागते.

पैशाचंही बघून घ्या. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एका वेळच्या दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपणं वगळून, सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खासगीत ३१,८४५.

मोबाइलवरच्या तज्ज्ञाबद्दल थोडक्यात. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेतले बहुतेक सल्ले उपकेंद्रातूनच होतात. समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवते, बीपी घेते, पडद्यावरच्या डॉक्टरला सांगते आणि तिथल्याच कपाटातली गोळी देते. केंद्र काढून घेतलं तर त्या पडद्याचा उपयोग काय?

राहता राहिली कुलूप, रिकामी पदं आणि औषधांचा तुटवडा ही तक्रार. ती शंभर टक्के खरी आहे. मध्य प्रदेशातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की तोच सरकारी डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात रुग्णाला जास्त प्रश्न विचारतो, जास्त नीट तपासतो. म्हणजे ज्ञान कमी पडत नाही, कुणी जाब विचारत नाही ही अडचण आहे. आणि पैसा? २०१७च्या धोरणाने २०२५पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्के करायचं ठरवलं होतं. २०२१-२२मध्ये तो १.८४ टक्के होता. तुटपुंज्या पैशात चालवायचं आणि मग चालत नाही म्हणून मोडायचं, हे मला मान्य नाही.

"सरकारी ते सुधारतच नाही" हेही खरं नाही. औषधांसाठी तमिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ काढलं, प्रत्येक केंद्राला पासबुक दिलं, आणि पासबुकातल्या रकमेइतकी औषधं केंद्राने मागवायची अशी पद्धत बसवली. महाराष्ट्रात २००७पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावची समिती केंद्राचं प्रगतिपत्रक भरायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायची. कुठं पैसे मागितले, कुठं डॉक्टर मुक्कामाला नसतो, कुठं नर्स महिनोन्महिने आली नाही, हे माईकवर, नावानिशी. बऱ्याच ठिकाणी बाहेरून औषध आणायच्या चिठ्ठ्या थांबल्या, उकळलेले पैसे परत करावे लागले.

तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या केंद्राची रुग्ण कल्याण समिती आणि गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांच्यात कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, किती पदं रिकामी आहेत आणि बीपीच्या गोळ्या किती दिवस पुरतील, हे येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आणि उत्तर लेखी मागा.