उद्यान आधी झालं, मोरानचं चित्र नंतर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट आली. खाली ‘जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोचवा’ असं लिहिलेलं. गोष्ट थॉमस मोरान या चित्रकाराची. विणकराचा गरीब मुलगा इंग्लंडमधून अमेरिकेत आला, कुणाकडेही न शिकता चित्रकार झाला, एकटाच घोड्यावर बसून यलोस्टोनच्या निर्मनुष्य रानात गेला, दिसलं ते कॅमेऱ्यासारखं जसंच्या तसं रंगवलं. ते भव्य चित्र संसदेत लागलं आणि ते पाहून खासदारांनी तिथल्या तिथे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. शेवटी हेही, की त्याने मरेपर्यंत आपली शैली बदलली नाही.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझी आठवीतली भाची हे वक्तृत्व स्पर्धेत बोलणार आहे. त्याहून वाईट म्हणजे मेणवलीच्या घाटावर तिने केलेलं एक चांगलं जलरंगातलं चित्र तिने फाडून टाकलं. का, तर ‘मावशी, पिंपळ होता तिथे आलाच नाही. खऱ्या चित्रकाराला जसंच्या तसं येतं.’ मी वीस वर्षं मुलांना निसर्गचित्रं शिकवते आहे. हे वाक्य ऐकून मला झोप लागली नाही.

तर आधी हा ‘जसंच्या तसं’चा मुद्दा. १८७९ साली जी. डब्ल्यू. शेल्डन यांनी अमेरिकन चित्रकारांवर पुस्तक काढलं. त्यात मोरानचं स्वतःचं म्हणणं छापलेलं आहे. निसर्गाच्या हुबेहूब नकलेला मी किंमत देत नाही, असं तो स्वच्छ सांगतो. आणि ज्या चित्रावरून ही पोस्ट फिरते आहे, त्या ‘ग्रँड कॅन्यन ऑफ द यलोस्टोन’बद्दलच तो पुढे सांगतो, की चित्रात उजवीकडे जे उभे कडे दिसतात ते मी तिथे उभा असताना माझ्या पाठीमागे होते. पाठीमागचे कडे त्याने उचलून समोर आणले! का आणले, हेही त्याने सांगितलं आहे. त्या जागेचे रंग पाहून मनावर जो ठसा उमटला तो त्याला खरा उतरवायचा होता, दरीचा नकाशा काढायचा नव्हता. आणि ज्या सरकारी मोहिमेबरोबर तो यलोस्टोनला गेला होता, तिच्यातल्या प्रत्येकाने चित्र पाहताच ‘ही तीच जागा’ म्हणून ओळखलं, असंही तो म्हणतो. सात फूट उंच, बारा फूट रुंद तैलचित्र आहे हे. त्यात कडे जागचे हलवले म्हणून ते खोटं ठरलं का? मग सातवी-आठवीतल्या पोरीने एक पिंपळ दोन बोटं सरकवला तर काय बिघडलं?

वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या जागेच्या चित्रांचंही तेच. मोरान १८७१ मध्ये तिथे रेल्वेनेच उतरला. त्या वेळी तिथे रेल्वेचं गाव वसलेलं होतं, घरं होती, हॉटेल होतं. तिथले नदीकाठचे कडे त्याने पुढे कित्येकदा रंगवले. पण त्या चित्रांत ना रूळ दिसतात, ना गाव. सोनेरी कडे, नदी आणि घोड्यांवरून जाणारे मूळ रहिवासी, एवढंच. कॅमेरा असं करत नाही. कॅमेरा त्या मोहिमेत होताच, छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सनच्या हातात.

‘चित्र पाहून उद्यान’ हे तर तारखा बघितल्या की संपतं. उद्यानाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही १ मार्च १८७२ ची. त्या दिवशी हे चित्र पुरं झालेलंही नव्हतं. ते त्यानंतर वसंतात पूर्ण झालं आणि जूनमध्ये संसदेने १०,००० डॉलरला विकत घेतलं. म्हणजे उद्यान आधी, चित्र नंतर. यात अर्धं खरं काय ते मान्य करते: मोहिमेचे प्रमुख हेडन यांनी मोरानचे जलरंग आणि जॅक्सनचे फोटो खासदारांपुढे ठेवले होते, आणि त्यांचा उपयोग झाला. पण मग जॅक्सनचं नाव पोस्टमध्ये का नाही? आणि नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं? यलोस्टोनचं नाव झालं तर तिकडे प्रवासी येतील, हे त्या रेल्वेला हवंच होतं. तिचे सावकार जे कुक यांनी मोरानला प्रवासासाठी ५०० डॉलर दिले. एकटा गेला म्हणे! हेडन यांच्या सरकारी मोहिमेसोबत गेला तो. त्याआधी कधी घोड्यावर बसलेला नव्हता, म्हणून खोगिरावर उशी घेऊन बसायचा, ही आठवण जॅक्सनची.

‘निर्मनुष्य’ हा शब्द मात्र मुलांच्या तोंडी मुळीच जाऊ नये. डोंगरी मेंढ्यांची शिकार करून राहणारे टुकुडिका शोशोनी त्याच डोंगरांत राहत होते. क्रो, बॅनॉक, ब्लॅकफूट या जमातींचंही येणंजाणं होतं. उद्यान झाल्यावर टुकुडिकांना तिथून हलवून राखीव वसाहतींत पाठवलं. १८७७ मध्ये सैन्य मागे लागलेले नेझ पर्स जमातीचे लोक याच उद्यानातून बायकापोरांसह पळत होते. मोरानच्या त्या चित्रातही कड्यावर उभ्या असलेल्या चिमुकल्या माणसांत एक मूळ रहिवासी आहे. चित्र नीट पाहिलं असतं तरी हा शब्द लिहिला गेला नसता.

‘कुणाकडे न शिकता’: कलाशाळेत गेला नाही, हे खरं. वडील हातमागावर विणणारे, १८३७ चा जन्म बोल्टनचा, १८४४ मध्ये कुटुंब फिलाडेल्फियाकडे आलं, हेही खरं. पण सोळाव्या वर्षी तो लाकडावर चित्रं कोरून छपाईचे ठसे करणाऱ्यांकडे उमेदवारीला लागला. मग जेम्स हॅमिल्टन या चित्रकाराने त्याला वाट दाखवली. १८६२ मध्ये तो भावाबरोबर लंडनला गेला, तो टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकाराची चित्रं समोर ठेवून त्यांच्या नकला करायला. हे शिकणं नाही तर काय?

आणि शैली. १८६५ च्या सुमारास त्याने रंगवलेली पेनसिल्व्हेनियातली रानं बघा, पान न् पान वेगळं मोजून घ्यावं इतका तपशील. सहासात वर्षांनी यलोस्टोनमध्ये तोच हात टर्नरसारखा धुकं आणि उजेड फेकतो, तपशील फक्त पुढच्या खडकांत ठेवतो. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट हॅम्प्टनला घर केल्यावर सपाट कुरणं, तळी, ढगाळ आभाळ, सगळे रंग खाली उतरलेले. तिथेच त्याने आणि त्याची बायको मेरी निमो हिने अम्लरेखनं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अम्लाने रेघा कोरून घेतलेले छापे, केली, आणि ती त्यात फार नावाजली गेली. १८८६ मध्ये व्हेनिस पाहिल्यावर पाणी आणि मोत्यासारखा उजेड. १८९२ पासून सांता फे रेल्वेसाठी ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनचं नव्हे, ॲरिझोनातलं. १९२६ मध्ये वारला तेव्हा ८९ वर्षांचा होता.

ताई, मेणवलीच्या त्या कागदाचे तुकडे टाकू नकोस. मागून टेप लावून दे, मी रविवारी येते आहे. पिंपळ आहे तिथेच राहू दे, फक्त पायऱ्यांची सावली अजून ओली वाटायला हवी, तेवढं आम्ही दोघी बघतो.