कानात लसणाचं तेल घालून बुरशी मरत नाही

पाऊस सुरू झाला की दरवर्षी एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'पावसाळ्यात कान खाजतो, ठणकतो, दडे बसतात? खोबरेल तेलात लसणाची पाकळी तळा आणि कोमट झालेल्या तेलाचे दोन थेंब कानात सोडा. बुरशी मरते, मळ आपोआप बाहेर येतो, दुखणं थांबतं. लहान मुलांनाही चालतं, अपाय काहीच नाही.' तेल घातलेले असे कान जुलै-ऑगस्टमध्ये आम्हा कान-नाक-घसावाल्यांना सतत साफ करावे लागतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी बुरशीचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, आतल्या टोकाला बंद, अंधारी आणि उबदार. त्यात मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येकदा ९० टक्क्यांच्या वर जाते. ॲस्परजिलस आणि कँडिडा या बुरशींना आणखी काय हवं? तेलाने तो ओलावा आत कोंडून राहतो. दुर्बिणीतून पाहिलं तर आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर दिसतो आणि त्यावर बारीक काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बुरशीची फळं. हा थर सक्शनने काढून बुरशीविरोधी थेंब घालावे लागतात आणि कान कोरडा ठेवावा लागतो. लसणातलं ॲलिसिन प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतं, हे खरं आहे. पण ते उष्णतेने मोडतं आणि इथे तर पाकळी तळायलाच सांगितली आहे. कच्च्या लसणाचा रस घालावा, तर कानाची नाजूक कातडी भाजते.

दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिक थेंबांचीही तीच गत. बुरशीवर ते चालत नाहीत, उलट त्यांनी ती वाढू शकते.

'मळ बाहेर येतो' म्हणे. मळ हा मुळात कानाचा राखणदार. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी अडवतो आणि जबडा हलतो तसा हळूहळू बाहेर सरकतो. तेलाने कडक मळ मऊ होतो, हे मान्य. पण मऊ झालेला मळ काढायला लोक लगेच इअरबड, हेअरपिन, गाडीची किल्ली घालतात. मळ आणखी आत जातो, कातडी खरचटते आणि जंतूंना वाट मिळते.

लहान मुलांबद्दलचा दावा वाचून मात्र राग येतो. सर्दीनंतर मूल रात्री कान धरून रडतं, तेव्हा दुखणं बहुतेक वेळा पडद्याच्या पलीकडे असतं. मुलांमध्ये नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज तिथे पोहोचते. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेला थेंब पलीकडे जातच नाही. यातल्या बऱ्याच मुलांचं दुखणं दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं आणि श्रेय तेलाला मिळतं. पडदा फुटलेला असेल, तर तेच तेल थेट मधल्या कानात उतरतं. म्हणून कान वाहत असताना काहीही घालू नये. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

राहिलं 'अपाय नाही'. तेल अंदाजापेक्षा जास्त गरम निघालं, तर कान भाजतो आणि गरगरायलाही लागतं. शिवाय कानदुखीचं मूळ दाढेत किंवा घशात असलं, तर तेलापायी तपासणी लांबते.

भिजून आल्यावर टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान टिपा, डोकं कलतं करून पाणी निथळू द्या. खाज सुटली तरी आत काही घालू नका. मधुमेह असलेल्या माणसाचा कान रात्री झोप उडेल इतका ठणकत असेल, तर घरी एकही दिवस काढू नका. स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो आणि त्यात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते.