पगारपत्रकावरचा चर्चकर आणि होळकरांची खासगी

20 मे 2025 रोजी मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात भरली. निमित्त अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीचे होते. त्याआधी जानेवारीत हेच मंत्रिमंडळ महेश्वरला बसले होते आणि उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह राज्यातल्या तीर्थस्थानी 1 एप्रिलपासून दारूबंदी करण्याचा निर्णय तिथे झाला होता. या दोन्ही बैठकांवरून, सरकारने धर्माच्या कामात पडावे का, असा जो वाद आमच्या इंदूरच्या नातेवाइकांत पेटला तो अजून विझलेला नाही, आणि मी म्युनिकला राहत असल्यामुळे दोन्ही पक्ष मलाच साक्षीला बोलावतात. रामबागेतले मामा म्हणतात की तुमच्या जर्मनीत सरकारच चर्चसाठी कर वसूल करते, मग धर्मनिरपेक्षतेचे धडे आम्हालाच कशाला? त्यांच्या सूनबाईंचे म्हणणे असे की युरोपात धर्म घरी आणि सरकार कचेरीत, म्हणून तिथे सगळे सुरळीत चालते.

मामांची माहिती खरी आहे. इथे राहायला आल्यावर पत्ता नोंदवण्याच्या अर्जात धर्माचा रकाना असतो, आणि कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असे नोंदले गेले की पगारातून प्राप्तिकराच्या जोडीला चर्चकर कापला जातो. बव्हेरियात तो प्राप्तिकराच्या 8 टक्के असतो; म्हणजे दहा हजार युरो प्राप्तिकर बसणाऱ्याला आणखी आठशे युरो. माझ्या पगारपत्रकात त्या जागी नुसती आडवी रेघ असते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या पत्रकात मात्र रक्कम सेंटपर्यंत छापलेली असते, आणि ती नको असेल तर सरकारी नोंदणी कार्यालयात जाऊन, थोडी फी भरून, चर्च सोडल्याची नोंद करता येते. मामा एवढा भाग सांगत नाहीत.

सूनबाईंनी ज्या युरोपाची कल्पना केली आहे तो फार तर फ्रान्समध्ये सापडेल, आणि तिथेही चर्च आणि सरकार वेगळे करणारा 1905 चा कायदा अल्सास आणि मोझेल या भागांना लागू नाही. आमच्या बव्हेरियात 2018 मध्ये राज्य सरकारने प्रत्येक सरकारी इमारतीच्या प्रवेशद्वाराशी क्रूस लावण्याचा हुकूम काढला. हा धर्म नव्हे, आमची संस्कृती आहे, हा युक्तिवाद मला जर्मन भाषेत ऐकतानाही अगदी ओळखीचा वाटला. त्यावर म्युनिकच्या कार्डिनलांनीच टीका केली, हे इंदूरकरांना सांगण्यासारखे आहे. क्रूसाचा अर्थ सरकारने ठरवावा हे त्यांना मान्य नव्हते. पुढे 2023 मध्ये न्यायालयाने हुकूम कायम ठेवला आणि क्रूस भिंतीवरच राहिले.

माझ्या मते भिंतीवर काय टांगले आहे किंवा बैठक कुठे भरली यापेक्षा पैसा कोणाच्या खात्यातून कोणाकडे जातो हे पाहणे जास्त महत्त्वाचे आहे, आणि तिथे अहिल्याबाईंचे उदाहरण दोन्ही पक्षांना अडचणीचे ठरते. ज्यांच्या राज्याचे हुकूम श्रीशंकराच्या आज्ञेवरून निघत, त्यांचा दानधर्म दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर खासगीच्या, म्हणजे होळकर राण्यांच्या स्वतंत्र जहागिरीच्या, उत्पन्नातून चाले. पेशव्यांनी 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिलेली ही जहागीर होती. काशीपासून सोमनाथपर्यंतच्या देवळा-घाटांमागे ती उभी आहे. संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वेळी या खासगीची मालमत्ता सरकारजमा झाली आणि तिच्या बदल्यात वर्षाला 2,91,952 रुपये कायमचे देण्याचे ठरले. जर्मनीतही हेच घडले आहे. 1803 मध्ये राजांनी चर्चच्या जमिनी घेतल्या, त्याची भरपाई म्हणून जर्मन राज्ये आजही दरवर्षी पन्नास कोटींहून अधिक युरो देतात, आणि ही देणी संपवावीत असे 1919 च्या राज्यघटनेत लिहूनही ती कोणाला संपवता आलेली नाहीत. सरकारने एकदा देवाची जमीन घेतली की पिढ्यान्‌पिढ्या त्यातून सुटका नसते.

आपल्याकडे अनुच्छेद 27 नुसार विशिष्ट धर्मासाठी खर्च करायचा म्हणून कर लादता येत नाही. पण 2011 मध्ये हजच्या अनुदानाचा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कराचा मोठा हिस्सा त्यासाठी जात असेल तरच या अनुच्छेदाचा भंग होतो. ते अनुदान 2018 मध्ये बंद झाले, दार मात्र उघडे राहिले. त्याच दारातून उज्जैनच्या महाकाल मंदिराभोवतीचा ‘महाकाल लोक’ प्रकल्प आला, ओंकारेश्वरची शंकराचार्यांची 108 फुटी मूर्ती आली. पर्यटन वाढते, दुकानदारांचे चालते, हे सगळे मान्य. पण माझ्या सहकाऱ्याला आपले आठशे युरो दिसतात तसे इंदूरच्या करदात्याला आपले किती रुपये कुठे गेले ते दिसत नाही, आणि नको म्हणायची सोयही नाही.

आणि ज्यांना हा खर्च आवडतो तेच बहुधा देवळे सरकारमुक्त करा अशी मागणी करतात. महाकाल मंदिराच्या समितीचे अध्यक्ष पदसिद्ध जिल्हाधिकारी असतात. त्यांना हटवायचे असेल तर सरकारी तिजोरीतून येणारा पैसाही सोडावा लागेल. चित भी मेरी, पट भी मेरी हा हिशेब, आमच्या इंदुरी हिंदीत शोभत असला तरी, राज्यकारभारात चालणार नाही.

मामांनी यावर काढलेला मुद्दा मला खोडता आलेला नाही. चर्चकडे सभासदांची यादी असते, हिंदूंची तशी यादी कुठे आहे? जिल्हाधिकारी गेले तर विश्वस्त कोण निवडणार, पुजारी की भाविक की गावातले वजनदार लोक? 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशाच्याच प्रकरणात म्हटले की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी केवळ व्यवस्थापक. होळकरांच्या त्याच खासगीचा कारभार पाहणाऱ्या ‘खासगी ट्रस्ट’चा खटला तिथे पोहोचला तेव्हा, 2022 मध्ये, तो सार्वजनिक न्यास असल्यामुळे नोंदणी आणि तपासणीच्या कक्षेत येतो असा निर्णय झाला. देवळे मोकळी करायची असतील तर ही तपासणी कोणाकडे ठेवायची ते आधी कायद्यात लिहावे लागेल, आणि त्यासाठी जर्मनीकडून उसने घेण्यासारखे माझ्याकडे काही नाही.