डाग परवडला, घासणी आवरा

आमच्या दर्यापूरकडं गाडीवर डाग दिसला की दोन सल्ले फुकटात मिळतात. एक, "घासलेट लाव." दुसरा, "घासणीनं घास ना बावा, काई होत नाही त्याले." पहिल्यात थोडं तथ्य आहे. दुसरा देणाऱ्याला मी माझ्या गाडीजवळ फिरकू देत नाही.

माझं तर स्पष्ट मत आहे, गावातल्या गाड्यांची कळा डागांनी कमी आणि डाग काढणाऱ्यांनी जास्त घालवली. गाडी चकाकते ती रंगावरच्या क्लिअर कोटमुळं, म्हणजे रंगावर दिलेल्या पारदर्शक थरामुळं. त्याची जाडी साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. घासणीचा हात फिरला की त्यावर बारीक रेघा उठतात आणि काळ्या गाडीवर उन्हात कोळिष्टकासारखं जाळं दिसतं. मग गॅरेजवाला म्हणतो, "रबिंग मारून देतो." रबिंग म्हणजे तोच थर आणखी खरवडणं. एखाद्या वेळी ठीक, पण दर दसऱ्याला रबिंग मारणारे महाभाग आहेत आपल्यात. (दसऱ्याच्या पूजेची हळद लागली म्हणून तर अजिबात घासू नका. हळदीचा पिवळेपणा चार उन्हं खाल्ली की आपोआप उडतो.)

डांबराला घासलेट किंवा डिझेल चालतं, कारण डांबरही शेवटी त्याच खनिज तेलातलं. पण फडक्यावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर टेकवून ठेवायचं. ठिपका तपकिरी होऊन ओघळू लागला की हलक्या हातानं टिपून घ्यायचा. नंतर शाम्पूनं धुवा, नाहीतर त्या तेलकटपणावर पांदणीतली सगळी धूळ येऊन बसते. थिनर मात्र नको. गॅरेजात नंतर रंगवलेला पत्रा असेल तर डागासोबत रंगही फडक्यावर येतो.

आमच्या भागाचं खरं दुखणं म्हणजे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट, त्यात बोअरचं पाणी, आणि लोक गाडी धुतात भर दुपारी अंगणात, थेट पाइप लावून. पत्रा इतका तापलेला की पुसायच्या आत पाणी उडून जातं आणि बोनेटवर थेंबाथेंबाची पांढरी कडी उरतात. त्यावर लोक धुण्याची पावडर चोळतात. क्षार साबणाला दाद देत नाहीत, त्यांना आंबटच लागतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घाला, गार पत्र्यावर ओलं फडकं थोडा वेळ ठेवा, मग धुऊन लगेच कोरडं करा. यासाठी नळाचं गोड पाणी बादल्यांनी ओता असं मी म्हणणार नाही. प्यायच्या पाण्याची मारामार असताना गाडीला आंघोळ घालणं मला पटत नाही. बोअरचंच पाणी वापरा, पण पहाटे, आणि एकेक भाग धुऊन तो वाळायच्या आत पुसून घ्या. निम्मा त्रास तिथंच संपतो.

निंबाखाली गाडी लावली की पाखरांचा प्रसाद ठरलेला. तो त्याच दिवशी काढा. ओलं फडकं ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या, कोरडं पुसलं तर त्यातली कचकच रंगावर फिरते. मे महिन्यात 45 अंशांत तापलेल्या पत्र्यावर ती विष्ठा आठवडाभर राहिली तर क्लिअर कोट कोरला जातो, मग कुठल्याच पाण्यानं ती खूण जात नाही.

राहिली नवरदेवाची गाडी. आपल्याकडं लग्नसराईत पांढरी गाडी दारात असली की ती सगळ्या गावाची. फुलं, थर्माकोलची अक्षरं, सगळं सेलोटेपनं थेट रंगावर, आणि वरात परतली की गाडी तशीच उन्हात चार दिवस. टेप निघतो, डिंक राहतो, आणि कोणीतरी ब्लेड घेऊन येतो! ब्लेड ठेवा बाजूला. खोबरेल तेल चोळून मुरू द्या, बोटानं गोळा होऊन येतो तो डिंक. आणि यंदा माझी गाडी मागायला येणाऱ्यांनी ऐकून ठेवा: फुलं दोऱ्यानं बांधायची, अक्षरं मागच्या काचेवर लावायची, आणि नवरी उतरली की त्याच रात्री सगळं काढून द्यायचं. डिझेलचे पैसे नाही दिले तरी चालतील.