अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला विज्ञानापासून दूर कसे ठेवावे

आपल्या वर्गात एखादा अध्ययन अक्षम विद्यार्थी असेल आणि त्याला विज्ञानाची गोडी लागेल अशी धास्ती आपल्याला वाटत असेल, तर ती मनातून काढून टाकावी. गेल्या शनिवारी आठवीतल्या माझ्या मुलाच्या पालकसभेला मी पाऊण तास बसले होते. ही गोडी मुळातून कशी खुडावी याचे जे ज्ञान मला तेथे मिळाले, ते समस्त शिक्षकवर्गाच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

आरंभ फळ्यापासून करावा. फळा गच्च भरेपर्यंत लिहावे आणि डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अक्षमता, असलेला मुलगा तिसऱ्या ओळीवर पोहोचला की तो पुसावा. नंतर त्याच्या वहीवर लाल शाईने ‘अपूर्ण’ असा शेरा मारावा. छापील टिपण त्याच्या हाती चुकूनही देऊ नये, कारण उतरवून घेण्यातून हात मोकळा झाला की मूल ऐकू लागते.

प्रयोग फळ्यावरच उरकावेत.

परावर्तन, अपवर्तन आणि अपस्करण हे शब्द एका दमात सांगावेत; आरसा, पेल्यातल्या पाण्यात वाकडी दिसणारी पेन्सिल आणि लोलक यांना मात्र कपाटातून बाहेर येऊ देऊ नये.

पालकांनी रुग्णालयात खेटे घालून मिळवलेले प्रमाणपत्र फाइलला लावावे आणि फाइल मिटावी. परीक्षेत जादा वेळ अवश्य द्यावा, पण तो मधल्या सुट्टीतून कापून घ्यावा.

सर्वाधिक कौशल्य उत्तरपत्रिका तपासण्यात आहे. माझ्या मुलाने ‘बल व दाब’ या पाठावरील प्रश्नाला उत्तर लिहिले होते की, अंडे साध्या पाण्यात बुडते आणि मिठाच्या पाण्यात तरंगते, कारण मिठाच्या पाण्याची ‘धनता’ जास्त असते. घ आणि ध यांत फरक तो काय, डोक्यावरच्या एका गाठीचा, आणि डिसलेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, असलेल्या मुलाकडून नेमकी अशाच अक्षरांची अदलाबदल होते. आदल्या रविवारी त्याने स्वयंपाकघरात काचेच्या पेल्यात चमचा चमचा मीठ ढवळत तळाचे अंडे वर आणले होते आणि ते मधोमध लटकले तेव्हा, “आई, आता दोघांची घनता सारखी झाली बघ,” असे मला सांगितले होते. हे वाक्य पाठ्यपुस्तकातून पाठ केलेले नव्हते. उत्तरपत्रिकेत मात्र ‘धनता’भोवती लाल वर्तुळ आणि तीनपैकी शून्य गुण! विचारले तर बाईंकडून उत्तर मिळाले, “असा शब्दच नाही. बोर्डात कोण समजून घेणार आहे?” बोर्डाचीच भीती घालायची असेल, तर ते बोर्ड दहावीला अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक देते, हेही सांगायला हवे होते. कारण आणि परिणाम दोन्ही बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य देणारी ही कोणती विज्ञानाची परीक्षा?

असो. 3 डिसेंबरला दिव्यांग दिनाची प्रभातफेरी काढावी आणि फलक त्याच मुलाच्या हाती द्यावा. त्यावरचा मजकूर त्याला वाचता येतो की नाही, हे पाहण्याचे कारण नाही.

हे सोंग आता मला पुढे नेता येत नाही. बाई, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा आहे. त्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करावेत, असे सोळावे कलम सांगते. वर्गात साठ मुले आहेत, वर निवडणुकीची कामेही आपल्याच गळ्यात पडतात, हे मला मान्य आहे. पण प्रश्न एकदा मोठ्याने वाचायला, आकृतीची नावे शेजारच्या चौकटीत लिहून द्यायला, प्रयोगाची कृती एकेका पायरीने सांगायला आणि एखादे उत्तर तोंडी ऐकून घ्यायला कोणते अनुदान लागते? ‘धनता’ खोडून शेजारी ‘घनता’ लिहायला आणि गुण द्यायला जितका वेळ लागला असता, त्याहून अधिक वेळ आपण तो मुलगा ‘मंद’ आहे हे मला पटवण्यात घालवलात, तेही तो शेजारी उभा असताना. याची आपल्याला लाज वाटायला हवी होती.

ते तीन गुण त्याचे आहेत. सोमवारी मी उत्तरपत्रिका घेऊन येते. सोबत अंडे, पेला आणि मीठही आणते.