व्हेनिअर्सचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

लग्नसराई जवळ आली की नाशिकमधल्या घरच्या, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘पिवळ्या, वाकड्या दातांची चिंता सोडा, व्हेनिअर्स लावा. दात न झिजवता दोन तासांत काम, आयुष्यभर टिकतात, कीड लागत नाही, नको वाटले तर काढून टाका. आता पार्लरमध्येही उपलब्ध.’ लग्न ठरलेली मुलंमुली हे वाचून थेट अपॉइंटमेंट घेतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘नको वाटले तर काढून टाका’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचं पोर्सेलिनचं किंवा कॉम्पोझिटचं (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) पातळ कवच. ते बसवल्यावर दात पुढे आलेला दिसू नये म्हणून आधी जागा करावी लागते. डॉक्टर बारीक बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, दातावर ठरावीक खोलीच्या खाचा पाडतात आणि मग बाकीचा पृष्ठभाग त्या पातळीपर्यंत उतरवतात. पोर्सेलिनसाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा टणक थर, जातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढच्या दातांवर हिरडीजवळ इनॅमलचा थर मुळातच जेमतेम तेवढा असतो. ते पुन्हा येतही नाही, कारण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात. मोडलेलं हाड जुळतं, इनॅमल गेलं ते गेलं. झिजवलेल्या दाताला मग कायम कसलं ना कसलं आवरण लागतं. विशीतल्या पोरांना हे कुणी नीट बसवून सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

‘दात न झिजवता’ हे अर्धं खरं आहे. दात लहान असतील, मध्ये फटी असतील किंवा कॉम्पोझिट वापरायचं असेल, तर कधी कधी जमतं. पण ते तोंड तपासूनच ठरतं.

दोन तासांचं म्हणाल तर कॉम्पोझिटचे थर एका बैठकीत देता येतात. पोर्सेलिनसाठी बहुतेक ठिकाणी माप लॅबकडे जातं, तोवर तात्पुरती कवचं लावावी लागतात. हळदीच्या आठवड्यात हे काम काढू नये.

‘आयुष्यभर’ तर नाहीच. पोर्सेलिन चांगलं बसलं तर साधारण १० ते १५ वर्षं, कॉम्पोझिट ५ ते ७. पंचविशीत बसवलेलं साठीपर्यंत दोन-तीनदा तरी बदलावं लागणार, आणि दर वेळी खर्च. दाताने ऊस सोलायची, सुपारी फोडायची किंवा झोपेत दात खायची सवय असेल तर त्याहून लवकर.

कीड पोर्सेलिनला लागत नाही, हे बरोबर. पण कवचाखाली दात तुमचाच असतो. हिरडीजवळच्या कडेला अन्न आणि जंतूंचा थर साचला की तिथून तो किडतो.

आता पिवळेपणा. चहा, तंबाखू, मिश्रीचे वरवरचे डाग साध्या सफाईने निघतात. (सफाईने दात हलायला लागतात, हा आपल्याकडचा गैरसमज आहे. हिरड्या आधीच सुटलेल्या असतात. दातांवर साचलेल्या किटणामुळे ते आधी लक्षात येत नाही एवढंच.) त्यापुढे ब्लीचिंग आहे, आणि ते व्हेनिअरच्या आधी करायचं, कारण पोर्सेलिनचा रंग ब्लीचने बदलत नाही. वाकड्या दातांना ब्रेसेस (तारा) किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) आहेत. वेळ लागतो, पण दात शाबूत राहतो. तुटलेला कोपरा, जन्मजात इनॅमलचा दोष, ब्लीचला न दबणारे फ्लोरोसिसचे (लहानपणी जादा फ्लोराइड पोटात गेल्याने पडलेले) डाग, अशा ठिकाणी व्हेनिअर उत्तम उपाय आहे आणि तिथे तो जरूर करावा. निर्णय होत नसेल तर पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दुसरं मत घेता येतं.

राहिलं पार्लर. दंतवैद्यकासाठी नोंदणी १९४८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. दाताला बर लावणं, त्यावर ॲसिडची जेल लावून कवच चिकटवणं हे नोंदणीकृत दंतवैद्याचं काम आहे, ब्युटीशियनचं नव्हे. बसण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.