पोरांचा धिंगाणा आणि सरांची कमेंट

सर, नमस्कार.

तुमच्या कमेंटला तिथंच खाली चार ओळीत उत्तर देणार होते, पण लिहायला बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी सांगलीतल्या आमच्या गावभागातल्या गल्लीत कुत्र्याची पिल्लं आणि पोरं कशी खेळतात त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं की प्राण्यांची पिल्लं खेळतात ती शिकारीची आणि मारामारीची प्रॅक्टिस म्हणून, माणसाच्या पोराला काही शिकार करायची नाहीये, त्यामुळं त्याची प्रॅक्टिस अभ्यासाची हवी, आणि खेळायचंच असेल तर तालमीत घाला, मैदानावर कोचच्या हाताखाली घाला, गल्लीतला धिंगाणा कशाला. दुसरं, दंगामस्ती शेवटी भांडणातच जाते हे त्यांनी मुख्याध्यापक म्हणून आयुष्यभर बघितलंय. तिसरं, ‘खेळल्यानं मेंदू वाढतो’ छाप गोष्टी पुराव्याशिवाय पसरवू नयेत. आणि जाता जाता, सोसायटीतल्या पोरांनी गाडीची काच फोडली त्याला तुमचं विज्ञान काय म्हणतं, असा टोमणा.

प्रॅक्टिसचा मुद्दा तुमचा एकट्याचा नाहीये सर. कार्ल ग्रूस नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८९६ साली हेच मांडलं होतं, की लहानपण असतंच मुळी पुढच्या आयुष्याची तयारी करायला आणि खेळ ही ती तयारी. ऐकताक्षणी पटतं. मांजराचं पिल्लू लोकरीच्या गुंड्यावर झडप घालतंय म्हटल्यावर उद्या उंदरावर घालणार, त्यात काय तपासायचं? पण टिम कॅरो यांनी १९८० च्या सुमाराला तपासलं. काही पिल्लांना खेळायला वस्तू दिल्या, काहींना दिल्या नाहीत, आणि मोठेपणी शिकारीत फरक पडतो का ते बघितलं, तर काही फरक नाही. कलहारीत मीरकॅट म्हणून मुंगसाच्या कुळातला प्राणी असतो, लिंडा शार्प यांनी त्यांची पिल्लं वाढताना बघितली, लहानपणी लुटुपुटूच्या मारामाऱ्या जास्त खेळलेलं पिल्लू मोठेपणी खऱ्या मारामारीत जास्त जिंकतं का, तर तेही नाही.

उंदरांचं तर फारच गमतीशीर आहे. कॅनडात सर्जिओ पेलिस आयुष्यभर उंदरांच्या खेळाच्या मागं लागलेत. उंदराची पिल्लं खेळातली मारामारी करतात तेव्हा एकमेकाच्या मानेच्या मागं नाक लावायला धडपडतात, आणि खऱ्या मारामारीत चावायचं असतं पाठीच्या खालच्या बाजूला, बुडाकडं. म्हणजे ही जर प्रॅक्टिस असेल तर पोरगं रोज भूगोल घोकतंय आणि पेपर गणिताचा आहे. आणि २०२२ मध्ये लंडनमधल्या लार्स चिट्का यांच्या लॅबमध्ये बंबलबी जातीच्या गुबगुबीत मधमाश्या लाकडी गोळ्या लोळवत बसलेल्या दिसल्या, खायला काही मिळत नसताना, परत परत. ती कशाची प्रॅक्टिस म्हणायची?

मग तुम्ही म्हणाल, बाई स्वतःच खेळाचा काही उपयोग नाही म्हणतेय. तसं नाही. खेळ महाग पडतो हे लक्षात घ्या. पेरूच्या किनाऱ्यावर रॉबर्ट हारकोर्ट फर सील या समुद्री प्राण्याची पिल्लं बघत होते, सी लायन या त्याच्याहून मोठ्या समुद्री प्राण्यानं डोळ्यादेखत मारलेल्या २६ पिल्लांपैकी २२ त्या वेळी पाण्याच्या कडेला खेळण्यात दंग होती. इतकं लांब कशाला, आपल्याकडं कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो, त्यांच्या नोंदींत सात महिन्यांपर्यंत जगणारी पिल्लं जेमतेम १९ टक्के. अशा आयुष्यात प्रत्येक पिल्लू दिवसातला बराच वेळ उड्या मारण्यात आणि कान ओढण्यात घालवतंय. इतका खर्च करून जी गोष्ट उंदरापासून माणसापर्यंत टिकून राहिलीय तिचं काहीतरी काम असणार, फक्त ते शिकारीचा क्लास हे नव्हे, एवढंच मी म्हणतेय.

माझ्या मते ते काम कुठंय ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांधकामाच्या वाळूचा ढीग आहे ना, तिथं दिसतं. तीन पिल्लं आहेत, त्यातलं तांबडं अंगानं दुप्पट. ते काळ्याच्या अंगावर धावून जातं, पण पोचायच्या आधी थबकतं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला लावतं, बूड वर, शेपटी गरागरा. मग मानेला धरून जोरात झटकतं, काळं केकाटतं, आणि तांबडं तिथल्या तिथं सोडून परत तेच, छाती खाली बूड वर. आणि नंतर जे करतं त्यासाठी मी दूध आणायला गेलेली तशीच पिशवी घेऊन उभी राहते: स्वतः आडवं पडतं, पोट वर करतं, आणि त्या किडमिडीत काळ्याला आपल्या गळ्यावर चढू देतं. कोणी पाडलेलं नसतं त्याला.

मार्क बेकॉफ यांनी कुत्री, लांडगे आणि कायोटी (अमेरिकेतला लांडग्याच्या कुळातला प्राणी) यांच्या खेळाच्या फिल्मा एकेक फ्रेम करून बघितल्या तेव्हा हे छाती-खाली-बूड-वर वाट्टेल तिथं, वाट्टेल तेव्हा येत नाही असं दिसलं. ते येतं नेमकं अशा चाव्याच्या आधी किंवा नंतर ज्याचा गैरसमज होऊ शकतो, मान झटकून चावा घेण्याच्या अलीकडं-पलीकडं. म्हणजे ‘मी चावतोय पण भांडत नाहीये हं’ असं सांगणं. आणि जी कायोटीची पिल्लं असं सांगून मग खरंच चावतात त्यांच्याशी बाकीची खेळेनाशी होतात. पेलिस यांच्या उंदरांतही तसंच, वरचढ उंदीर मुद्दाम पकड ढिली सोडतो, समोरच्याला उलटायला जागा देतो, कारण नाही दिली तर समोरचा उठून जाणार.

सर, ही जागा देणं आपल्या पोरांना कोण शिकवतं? लगोरीत, पकडापकडीत धाकट्या भावाला कच्चा लिंबू करून घेतात, तो पळणार, ओरडणार, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? धापा लागल्या की टाइमप्लीज, आणि टाइमप्लीज घेतलेल्याला पकडलं तर अख्खी गल्ली तुटून पडते. जो सारखा रडीचा डाव खेळतो त्याला चार दिवस कोणी भिडू घेत नाही, मग पाचव्या दिवशी तो बॅट घेऊन येतो आणि गुमान शेवटून बॅटिंग करतो.

आता तालीम. तालमीबद्दल मला आदरच आहे, हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानच्या जिल्ह्यात राहून नसेल तर नवल. भाच्याला सोडायला जायचे तेव्हा मी बाईमाणूस दारातच थांबायचे, पण दारातनं दिसायचं सगळं. वस्ताद एखाद्या थोराड पैलवानाला सांगायचे, ह्या बारक्याला जरा खेळव. तो गुडघ्यावर बसायचा, पोराला पट काढू द्यायचा, पाठीवर चढू द्यायचा, मग अलगद फिरवून लाल मातीत. तांबड्या पिल्लाचंच काम, हुबेहूब. फरक एवढाच की तिथं जोर आवरायला वस्ताद उभे असतात आणि पोरगं कंटाळलं म्हणून निघून जाऊ शकत नाही, गेलं तर दुसऱ्या दिवशी बाप कान धरून आणतो. गल्लीत वस्ताद नाही. ‘जा, मी नाही खेळत’ म्हणून समोरचा घरी गेला की डाव संपला, त्यामुळं त्याला खेळात टिकवून ठेवायचं काम तुम्हालाच करावं लागतं, जोर कमी करून, नियम वाकवून, कधी हरून. समोरच्याला निघून जायची मोकळीक असणं हाच माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि नेमका तोच क्लासमध्ये आणि कोचिंगमध्ये नसतो, फी भरलेली असते की हो! म्हणून तालीम हवीच, पण गल्लीच्या बदल्यात तालीम हा हिशोब मला मान्य नाही.

भांडणाच्या मुद्द्यावर तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण तुमच्या ऑफिसपर्यंत कोण यायचं ते बघा, ज्यांचं भांडण झालं ते. ज्यांचं झालं नाही ते घंटा वाजल्यावर वर्गात गेले. निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी १९६७ च्या आसपास लंडनच्या बालवाडीतली मुलं नुसती बसून बघितली, आणि दंगामस्ती व भांडण या दोन वेगळ्याच गोष्टी निघाल्या. मस्तीत हसू, पळणं, उड्या, उघड्या हातानं मारणं. भांडणात कपाळाला आठ्या, रोखून बघणं, वस्तू हिसकावणं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे मस्ती संपल्यावर पोरं एकत्रच राहतात, भांडण संपल्यावर पांगतात. पुढं इतरांनीही बघितलंय की मस्तीतनं खरी मारामारी फार कमी वेळा होते आणि शिक्षकांचा अंदाज मात्र कितीतरी जास्त असतो. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती लपवणार नाही: ज्या पोराला बाकीची पोरं आधीच टाळतात त्याच्या बाबतीत मस्तीची मारामारी व्हायचं प्रमाण जास्त दिसतं. पण त्याचा उपाय सगळ्यांची मधली सुट्टी बंद करणं हा कसा होईल?

मेंदूचं. ‘मेंदू वाढतो’ हे वाक्य माझ्या लेखात नाही, ते तुम्हाला व्हॉट्सअॅपवर आलं असणार, आणि त्यावर तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे. पेलिस यांच्या गटानं उंदरांत बघितलं ते जवळजवळ उलटंच आहे. बरोबरीच्या पिल्लांशी खेळत वाढलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींच्या फांद्या कमी झालेल्या होत्या, खेळगडी न मिळालेल्यांच्या जास्त. तासगावच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला सांगा, लगेच कळेल त्याला, ऑक्टोबरात छाटणी चुकली तर वेल दिसायला हिरवागार आणि घड शोधावे लागतात. पण ते उंदीर आहेत, त्यावरून आपल्या पोरांच्या टक्केवारीचं भाकीत मी करणार नाही आणि कोणी करत असेल तर त्याच्याकडनं खेळणी विकत घेऊ नका. उलट ‘खोटं-खोटं खेळल्यानं मुलं हुशार आणि कल्पक होतात’ या दाव्याचा अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सगळा पुरावा चाळला, आणि तो भलताच कच्चा निघाला. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूला.

आणि एवढंच कशाला, पनामामध्ये बाल्डविन दांपत्यानं स्क्विरल माकडांचा एक कळप बघितला, तिथं खाण्याची इतकी मारामार होती की पिल्लं खेळतच नव्हती, सगळा दिवस पोटामागं. तरी तो कळप एकत्र राहत होता, मोडून पडला नव्हता. त्यामुळं ‘खेळ नाही तर पोरगं वाया गेलं’ असली धमकी मी कुठल्याही आईबापाला देणार नाही. गॉर्डन बर्गहार्ट यांनी खेळ कशाला म्हणायचं याचे जे निकष घातलेत त्यात एक हाच आहे की पोट भरलेलं, जीव निवांत, भीती नाही, तेव्हाच खेळ दिसतो.

हे मला २०१९ च्या पुरात कळलं होतं, निकष वाचायच्या आधी. आमचं घर पाण्यात, आम्ही सगळे एका शाळेत. सुरुवातीला पोरं आयांना चिकटून, एक आवाज नाही, रडणंसुद्धा नाही. मग जेवणाच्या गाड्या नेमानं यायला लागल्या आणि एका दुपारी बघते तर बाकं उलटी करून त्याच्या बोटी झालेल्या, चौथीतली एक मुलगी जवान झालेली, ‘आधी म्हाताऱ्या माणसांना घ्या, म्हशीला नंतर’ म्हणून ओरडतेय, आणि म्हैस झालेला पोरगा ‘मी पोहत येतो’ म्हणून फरशीवरनं सरपटत निघालेला. त्यानं त्यांचं दुःख हलकं झालं वगैरे मी म्हणणार नाही, मला ते मोजता येत नाही. पण आयांनी त्या दिवशी पहिल्यांदा ओल्या कपड्यांची, आधारकार्डाची बोलणी सुरू केली हे खरं. पोरं खेळायला लागली म्हणजे आता जरा बरं चाललंय, एवढं सगळ्या बायकांना न सांगता कळलं होतं.

राहता राहिली तुमची काच. त्याला माझ्याकडं विज्ञान नाही सर. पार्किंगमध्ये टेनिस बॉल बंद करून प्लॅस्टिकचा द्या, काचेचे पैसे सगळ्या पोरांच्या घरनं वर्गणी काढून घ्या, आणि वर्गणी गोळा करायचं काम पोरांनाच सांगा, कोणाचा शॉट होता यावरनं त्यांचं जे काही होईल ते गॅलरीतनं नक्की ऐका. नातवाला तालमीत घालताय ते उत्तम, फक्त तालीम सकाळची घ्या.